१०० मीटर पळताना मांडीमागची शीर दुसऱ्यांदा धरली, ग्राउंड तीन महिन्यांवर: आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वीस वर्षांची मुलगी सोलापुरात खोली करून पोलीस भरतीची तयारी करते आहे. १०० मीटरचा टाइम काढताना साठ-सत्तर मीटरवर उजव्या मांडीमागं एकदम कळ आली. गरम तेलानं मालिश केली, तीन आठवडे पूर्ण विश्रांती घेतली, दुखणं थांबलं. परवा पुन्हा पळाली आणि त्याच जागी पुन्हा धरलं. मैदानावरचे म्हणतात इंजेक्शन घे, घरचे म्हणतात सहा महिने पळायचं नाव काढू नको. ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, अडीच-तीन महिन्यांत लागेल. काय करावं?

आधी दोन गोष्टींचा निकाल लावू. इंजेक्शन नको आणि सहा महिने घरी बसणंही नको. हातात आहे तेवढा वेळ बहुतेक पुरेल. मात्र आजपासून त्या पायाला रोज काहीतरी काम द्यावं लागेल आणि ते दर आठवड्याला थोडं थोडं अवघड करत न्यावं लागेल.

तीन आठवड्यांच्या विश्रांतीनं दुखणं गेलं हे खरं. पण चालायला किंवा जिना चढायला मांडीमागच्या स्नायूला फारसा जोर लावावा लागत नाही, म्हणून तुला सगळं ठीक वाटलं. प्रत्यक्षात तो स्नायू पहिल्यापेक्षा कमजोर झाला होता आणि फाटलेल्या जागी भरून आलेला भाग अजून कच्चा होता. त्यावर तू थेट १०० मीटर जीव तोडून पळालीस. चालणं आणि पूर्ण वेग यांच्या मधल्या सगळ्या पायऱ्या गाळल्या गेल्या. माझ्याकडं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा हीच दुखापत घेऊन येणाऱ्या बहुतेक मुला-मुलींची हकीकत हीच असते.

हा स्नायू नेमका केव्हा फाटतो ते समजून घे, म्हणजे पुढचे व्यायाम असे का आहेत ते कळेल. पूर्ण वेगात पाय पुढं फेकला जातो आणि जमिनीला टेकायच्या अगदी आधी नडगी जोरात पुढं झुलते. तिला आवरायचं काम हॅमस्ट्रिंग, म्हणजे हाच मांडीमागचा स्नायू करतो, तेही स्वतः लांब होत असताना. ताणलं जाता जाता ब्रेक लावायचा, असं ते काम आहे. त्यात सगळ्यात जास्त ओढ बसते मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूला, बायसेप्स फेमोरिसला, आणि पळणाऱ्यांचा बहुतेक वेळा तोच जातो. ८० टक्के वेगावरून १०० टक्क्यांवर गेलं की वेग थोडाच वाढतो, पण हे ब्रेकचं काम त्याच्या मानानं फार जास्त वाढतं. म्हणून ज्या पायानं पाच किलोमीटर आरामात होतात, तोच पाय १०० मीटरला धरतो.

आपल्याकडच्या तयारीत नेमकी इथंच खोट आहे. पहाटे नेहरूनगरच्या मैदानावर किंवा विजापूर रोडला जाऊन बघ. मुलं-मुली डांबरी रस्त्यावर रोज चार-सहा किलोमीटर एकाच चालीनं पळतात. आठवडाभर कुणी जोरात पळत नाही. मग रविवारी अकॅडमीत टाइम काढायचा म्हणून सगळे एकदम जीव लावून १०० मीटर मारतात. ज्या कामाची आठवडाभर सवय नाही, ते एका दिवसात पायाकडून पूर्ण ताकदीनं करून घ्यायचं. मुलींना ८०० मीटरला २० गुण आणि १०० मीटरला १५, म्हणून सगळा भर ८००वर असतो. समजण्यासारखं आहे. पण १०० मीटरचा सराव म्हणजे नुसता टाइम काढणं नव्हे.

आता तुझ्या पायाबद्दल. आधी एकदा नीट तपासून घे. फिजिओथेरपिस्ट किंवा हाडांचे डॉक्टर तुला पालथं झोपवतील, गुडघ्याकडून वर एकेक बोट दाबत जातील आणि दुखरी जागा शोधतील. ती जागा मांडीच्या मध्यावर, स्नायूच्या गाभ्यात सापडली तर बहुतेक वेळा बरं लक्षण. जितकी वर, बसायच्या हाडाजवळ, तितका वेळ जास्त लागायची शक्यता. मग ते गुडघा थोडा वाकवून टाच त्यांच्या हातावर दाबायला सांगतील आणि दोन्ही पायांच्या जोरातला फरक बघतील. अनुभवी माणसाला एवढ्यात पुष्कळ कळतं. दर वेळी एमआरआय लागत नाही. पण यातलं काही असेल तर थांबू नकोस, लगेच डॉक्टरांना दाखव: कळ येताना 'टच्' असा आवाज झाला, दोन-तीन दिवसांत मांडीचा मागचा भाग काळानिळा पडला, पाऊल टाकता येत नाही, बसताना नेमकं बुडाखालचं हाड दुखतं, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आहे. यात स्नायूचा कंडरा हाडापासून सुटलेला असू शकतो, तिथं एमआरआय हवाच आणि कधी ऑपरेशनही लागतं.

हा प्रश्न वाचणाऱ्या शाळकरी खेळाडूंच्या पालकांसाठी इथंच एक सांगते, कारण हे फार वेळा सुटतं. तेरा ते सतरा-अठरा वर्षांच्या मुलांमध्ये स्नायूपेक्षा हाडाची वाढ होणारी जागा नाजूक असते. जोरात पळताना स्नायू फाटण्याऐवजी तो हाडाचा छोटा तुकडाच ओढून काढतो, बुडाखाली किंवा कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाला. वरून ते शीर धरल्यासारखंच दिसतं. या वयात अशी जोरात कळ आली आणि दुखरी जागा हाडावर असेल, तर साधा एक्स-रे काढल्याशिवाय कुणाच्याही हाती मालिशीला पाय देऊ नका. तुझं वय वीस. ती जागा काहींची विशीनंतरही पूर्ण जुळलेली नसते, तेव्हा बसताना हाडावर दुखत असेल तर तूही एक्स-रे काढ.

आणखी एक. कळ आलीच नाही, हळूहळू मांडीमागं ओढल्यासारखं होतं आणि खाली मान घालून बसलं की वाढतं, असं असेल तर मूळ कमरेत असू शकतं. मांडीवर कितीही उपचार केले तरी ते जात नाही. तुझी कळ पळता पळता एकदम आली आहे, म्हणून तुझ्या बाबतीत मी स्नायूच धरून चालते.

पहिले चार-पाच दिवस काय करायचं? मालिश नको, गरम विटेचा शेक नको, आंबेहळदीचा कढत लेप नको. आत रक्त साकळत असताना चोळलं तर ते वाढतं. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावला तर दुखणं कमी होतं, तेवढ्यापुरता लाव. १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं ही चौकडी रूढ केली. पुढं त्यांनी स्वतःच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून यायला उशीर होऊ शकतो. हलकी क्रेप पट्टी बांध, छोटी पावलं टाकत चाल. दुखणं सोसत नसेल तर पॅरासिटामोल पुरते. डायक्लोफेनॅकच्या गोळ्या मेडिकलमधून आणून आठवडाभर खात बसू नकोस. त्यांनी दुखणं दबतं आणि नेमकं किती जोर लावावा याचा अंदाज जातो.

इंजेक्शनबद्दल नीट सांगते, कारण मैदानावर हा सल्ला फार सहज दिला जातो. स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन चार दिवसांत पळणारी मुलं मी पाहिली आहेत. दुखणं जातं, स्नायू मात्र तेवढाच कच्चा राहतो, आणि पुढची कळ आधीपेक्षा मोठी येते. स्वतःच्या रक्तातून काढून देतात त्या पीआरपीचे हजारो रुपये होतात. त्याची साध्या सलाइनच्या इंजेक्शनशी तुलना करणारा डच डॉक्टरांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. हॅमस्ट्रिंगच्या ताज्या दुखापतीत पीआरपी घेतलेले खेळाडू सलाइन घेतलेल्यांपेक्षा मैदानावर लवकर परतले नाहीत. ते पैसे अंडी-दुधावर खर्च कर.

घरच्यांना मात्र हे वाचून दाखव: डेन्मार्कमध्ये ५० हौशी खेळाडूंवर एक अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापून आला. मांडी किंवा पोटरीचा स्नायू फाटलेल्या या खेळाडूंपैकी निम्म्यांना दुसऱ्या दिवसापासून हलके व्यायाम दिले, निम्म्यांना नऊ दिवस थांबवलं. लवकर सुरू केलेले साधारण ६२ दिवसांत खेळात परतले, थांबलेले ८३ दिवसांत. एक आठवडा जास्तीच्या विश्रांतीची किंमत तीन आठवडे. घरच्यांची काळजी खरी आहे, पण सहा महिने बसवून ठेवलं तर तुझा पाय आणखी कमजोर होईल.

व्यायाम खोलीतच होतील, जिम लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उताणं झोपून गुडघा वाकव आणि टाच जमिनीत दाबून वीस-तीस सेकंद धर. असं पाच वेळा, दिवसातून दोनदा. दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, त्याच्या वर गेलं तर जोर कमी कर. ते सोपं झालं की दोन्ही पायांवर कंबर उचल, मग एका पायावर, मग टाच खाटेच्या कडेवर ठेवून पाय जवळजवळ सरळ करून. या शेवटच्या प्रकारात दुखऱ्या पायावर वीस आणि चांगल्या पायावर वीस सारख्याच सहज व्हायला लागले की पहिला टप्पा झाला.

त्याच्या जोडीला स्नायू लांब होत असताना काम करायला लावणारे व्यायाम हवेत. स्वीडनचे फिजिओथेरपिस्ट कार्ल आस्कलिंग यांनी असे तीन व्यायाम बसवले आणि तिथल्या अव्वल धावपटू आणि उडी मारणाऱ्यांवर करून पाहिले. हे व्यायाम करणारे सरासरी ४९ दिवसांत परतले, नेहमीचे व्यायाम करणारे ८६ दिवसांत. पहिला रोज दोनदा: उताणं झोप, दुखऱ्या पायाची मांडी दोन्ही हातांनी उभी धर आणि गुडघा सावकाश सरळ कर, दुखायला लागायच्या आधी थांब. बाराचे तीन सेट. दुसरा एक दिवसाआड: दुखऱ्या पायावर उभी राहा, हात पुढं करत कमरेतून पुढं झुक, दुसरा पाय मागं उचलू दे, सहाचे तीन सेट. तिसरा दर तीन दिवसांनी, आणि तो आपल्या शहाबादी फरशीवर फार छान होतो. खाटेचा कठडा धरून उभी राहा, सगळा भार दुखऱ्या पायाच्या टाचेवर घे, दुसऱ्या पायाखाली जुनं फडकं ठेव आणि तो पाय सावकाश मागं सरकव. परत येताना हातांनी ओढून ये, पायाच्या जोरावर नको. चारचे तीन सेट. हळू कर. घाईनं वीस करण्यापेक्षा नीट चार कर.

तीन-चार आठवड्यांनी, दुखणं बरंच गेल्यावर, नॉर्डिक नावाचा व्यायाम सुरू कर. सतरंजीची घडी करून तिच्यावर गुडघे टेक, मैत्रिणीला घोटे घट्ट धरायला सांग, आणि कंबर न मोडता अंग सावकाश पुढं सोड. जितकं आवरेल तितकं आवर, मग हात टेक. पहिल्या दिवशी तीनचे दोन सेट, बास. दुसऱ्या दिवशी मांडी भरून येईल, ते चालतं. आठवड्यातून दोनदा, वाढवत सहा-आठपर्यंत ने. ज्या संघांनी हा व्यायाम नेमानं केला तिथं हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. भरती झाल्यावर ट्रेनिंगमध्येही तो सोडू नकोस, कारण ज्याचा हॅमस्ट्रिंग एकदा गेला त्याला पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

आता पळण्याबद्दल. खरा कस इथं लागतो.

अर्धा तास भरभर चालून काही होत नसेल आणि एका पायाचे ते वीस नीट होत असतील तर जॉगिंग सुरू कर. डांबरावर नको, मैदानावर, मातीत. त्यानंतर एक दिवसाआड ६० मीटरची आखणी. मैदानावर वीस-वीस मीटरवर विटा नाहीतर चपला ठेव. पहिल्या वीसमध्ये हळूहळू वेग घे, मधल्या वीसमध्ये तोच ठेव, शेवटच्या वीसमध्ये सावकाश सोड. एकदम थांबायचं नाही, थांबतानाच पुष्कळ जणांना धरतं. चालत परत ये. असे सहा ते आठ. मधल्या वीसमधला वेग ५० टक्क्यांपासून सुरू कर आणि दर वेळी थोडा वाढव, पण आधीच्या वेळी पळताना दुखलं नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय जड वाटला नसेल तरच. सकाळी उठल्यावर उताणं झोपून दोन्ही पाय गुडघ्यात सरळ करून उचलून बघ. दुखरा पाय कालच्यापेक्षा कमी वर जात असेल तर आज पळायचं नाही, व्यायाम हलके करायचे.

टक्के कसे मोजायचे? समजा तुझा चांगला टाइम १५ सेकंद आहे. मग ८० टक्के वेग म्हणजे १०० मीटर १८.८ सेकंदांत, ९० टक्के म्हणजे १६.७, ९५ टक्के म्हणजे १५.८. अंगाच्या अंदाजावर जाऊ नकोस. बरं वाटायला लागलेल्या पायाला ९० टक्के पळूनसुद्धा ७० वाटतात. मैत्रिणीच्या हातात मोबाइलचं घड्याळ दे.

७० टक्क्यांपर्यंत तू पटकन पोचशील, दीड-दोन आठवड्यांत. ८० ते ९५ या भागाला मात्र दोन-तीन आठवडे द्यायचेच, तारीख कितीही जवळ असली तरी. मघाशी सांगितलेलं ब्रेकचं काम इथंच वाढतं. आधी वेग घ्यायचं अंतर मोठं ठेव, तीस मीटर. नंतर ते पंधरावर आण. स्टार्टचा सराव आणि सोबत कुणीतरी पळणं सगळ्यात शेवटी. शेजारी मैत्रीण असली की माणूस ठरवल्यापेक्षा जोरात पळतोच.

पूर्ण वेगाच्या आधी एक चाचणी कर. उताणं झोप, गुडघा पट्टीनं सरळ बांध आणि पाय जितक्या झटक्यानं वर नेता येईल तितक्या झटक्यानं ने, तीनदा. हीसुद्धा आस्कलिंग यांचीच चाचणी आहे, आणि ती बाकी सगळं ठीक झाल्यावरच करायची. दुखलं नाही, पण मनात धास्ती वाटली, तरी अजून आठवडाभर थांब. ती धास्ती खरी असते, तिच्याकडं दुर्लक्ष करू नये.

एवढं करूनही मन धजत नसेल तर धावपटू हिमा दासची गोष्ट ध्यानात ठेव. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या तोंडावर याच स्नायूनं तिला बाहेर बसवलं. पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ती २०० मीटरच्या उपांत्य फेरीत पळाली.

दरम्यान ८००चा दम टिकवायचा असेल तर सायकल चालव. पहिल्या आठवड्यानंतर बहुतेकांना ती झेपते. उभ्यानं गोळाफेकही चालू ठेवता येते.

खाण्यावर बोलायलाच हवं. खोलीवर राहणाऱ्या मुलींचं जेवण मी विचारते तेव्हा बहुतेक वेळा उत्तर येतं: कडक भाकरी, शेंगाचटणी, कधी पिठलं. भाकरी आणि शेंगा चांगल्याच आहेत, पण फाटलेला स्नायू भरून यायला एवढं प्रोटीन पुरत नाही. ५५ किलो वजनाला दिवसाला ८० ते ९० ग्रॅम प्रोटीन लागतं. रोज दोन-तीन अंडी, दोन वेळा घट्ट डाळ किंवा उसळ, दूध-दही, जमेल तेव्हा चिकन. आणि वजन कमी करायच्या नादात पाळी लांबली किंवा दोन-तीन महिने आलीच नाही, तर लपवू नकोस. पुरेसं न खाता जास्त पळाल्याची ती खूण असते. त्यात हाडंही कमजोर होतात आणि नडगीला बारीक चीर पडू शकते. बाईडॉक्टरांकडं जा, हिमोग्लोबिनही बघून घे.

उन्हाळ्यात ग्राउंड लागलं तर सोलापूरचं ऊन तुला माहीत आहे, पारा चाळिशीच्या वर असतो. पाणी आणि मीठ कमी पडून येणारा गोळा आणि स्नायू फाटणं यातला फरक ओळखायला शीक. गोळा ताणल्यावर आणि थोडं थांबल्यावर सुटतो, फाटलेला सुटत नाही आणि बोटानं दाबल्यावर नेमकी एक जागा दुखते.

आणि ग्राउंडच्या दिवशी. पहाटे आत घेतात, मग कागदपत्रं, उंची, नंबर. तासन्‌तास रांगेत बसवतात आणि एकदम तुझ्या गटाला पुकारतात. मुली थंड अंगानं उठून पळतात. तू रांगेतसुद्धा दर वीस मिनिटांनी उभी राहा, टाचा उचल, जागच्या जागी गुडघे वर घे, कमरेतून झुक. बसून लांब ताण देत राहू नकोस. आधी ८०० झालं असेल तर १०० मीटरपूर्वी जागा मिळेल तिथं दोन-तीन स्ट्राइड, म्हणजे हळूहळू वेग वाढवत छोट्या धावा मार, शेवटची ९० टक्क्यांची. गुण वेळेच्या टप्प्यांवर मिळतात, पंधराच्या पंधरा मिळालेच पाहिजेत असं नाही. स्ट्राइडमध्येच पाय ओढल्यासारखा वाटला तर ९० टक्क्यांनी पळ आणि रेषेवर पुढं झेप घेऊ नकोस, कारण थकलेल्या हॅमस्ट्रिंगला शेवटच्या त्या झेपेतच धरतं. रेषा ओलांडून दहा-पंधरा मीटर पुढं जाऊन वेग सोड.